चिखल वाळल्यावर

मागच्या आठवड्यात मनोरीला माहेरी गेले, तर जेट्टीवर उतरल्या उतरल्या ऑइलपेंटचा वास आला. मासेमारीच्या बंदीचे दोन महिने किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांना रंग देणं चाललं होतं. निळा, हिरवा, कडेला एक केशरी पट्टा. कुणीतरी मोबाइलवर कोळीगीतं मोठ्याने लावली होती आणि बायका नारळ कुठे चांगले मिळाले याच्या गप्पा मारत होत्या. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. या वासाने गावाला हुरूप येतो. मी मात्र रविवार मोजायला लागते, आणि ते आजचं नाही, शाळेत होते तेव्हापासूनचं आहे. आमची फुटबॉलची टीम हरायला लागायची ती या दिवसांपासून.

टीमचं खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण उपनगरांतल्या मैदानांवर आम्हाला सगळे 'खाडीवाले' म्हणतात. मार्व्याची खाडी फेरीबोटीने ओलांडून, बुटांच्या पिशव्या छातीशी धरून येणारी पोरं, म्हणून खाडीवाले. लीगच्या अगदी खालच्या पायऱ्यांवर आमचा मुक्काम. टीम माझ्या जन्माच्या आधीपासून आहे आणि वरच्या डिव्हिजनमध्ये ती एकदाही गेलेली नाही. बाबा तिच्यात खेळले. माझा धाकटा भाऊ गजा तिचा गोलकीपर झाला. मी मुलगी, म्हणून मी कडेला बसून ओरडले. आमच्या घरात टीमसाठी कुणी काय केलं असं विचारलं, तर मी सगळ्यात जास्त वर्षं केलं, असं मला वाटतं.

हरण्याचं कारण गावात सगळ्यांना पाठ होतं. पावसात होड्या बंद, म्हणून पोरं किनाऱ्यावर, म्हणून टीम पूर्ण. लीग सुरू झाली की पहिल्या काही मॅच आम्ही धडाधड जिंकायचो. मग दर्याला नारळ दिला की होड्या निघायच्या, होड्यांबरोबर आमचा डिफेन्स निघायचा, गोली निघायचा, आणि रविवारी मैदानावर उरायचे कॉलेजातले दोघेतिघे, बंदरावर बर्फ फोडणारा एक आणि पोट सुटलेले काका. मग काय, वाट लागायची. पण ते हरणं आमचं नव्हतंच. ते होड्यांचं होतं. "होड्या नसत्या ना, तर कधीच वर गेलो असतो," हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आमच्याकडे ते म्हणीसारखंच झालं होतं.

भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला मी फुटबॉलसाठी शिकले. डोलीची, म्हणजे वाहत्या पाण्यात जाळं रोवून करायची मासेमारी उधाणावर चालते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाण्याला ओढ असते, तेव्हा होड्या बाहेर. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं, त्याला भांग म्हणतात, तेव्हा माणसं घरी. रविवारी अष्टमी आली की माझा जीव हलका व्हायचा. अमावास्या आली की मी शुक्रवारपासूनच आईशी भांडण काढायचे. आता आठवतं की अष्टमीच्या रविवारीसुद्धा आम्ही हरायचोच. पण त्यालाही उत्तर होतं. पोरं आठवडाभर दर्यावर राबलीत, पायांत जोर कुठून येणार?

लग्न होऊन बोरिवलीला आले तरी रविवार सुटला नाही. माझा नवरा सतीश मूळचा मालवणकडचा, त्याचे आजोबा गिरणीत होते, घरात सगळं क्रिकेट. त्याने हल्ली परदेशातली एक फुटबॉल टीम धरली आहे, ती हरायला लागली की दुसरी धरतो. "तूपण बदल ना यार," तो मला म्हणतो. त्याला कसं सांगू? सासूबाईंनी तर लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "हरतत तेंका बघूक इतक्या लांब कित्याक जातंस गो?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं होतं, "आई, होड्या असतात ना म्हणून हरतात." त्यांना ते पटलंही होतं. माणूस कामाला जातो, त्याला कोण काय बोलणार?

ज्या मोसमाबद्दल मला लिहायचंय, त्याला दहाबारा वर्षं झाली. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी माहेरी होते. बाबा नाखवा, म्हणजे होडी त्यांची स्वतःची. गजा त्यांच्याबरोबर जायचा, आणि डिफेन्समधले जोसेफ आणि मोरेश्वर हे दोघेही त्यांच्याच होडीवर खलाशी होते. तिघं ओट्यावर बसून होडीला बांधायच्या पताका दोरीत ओवत होते. आत आई नारळीभाताचा गूळ चिरत होती. बाबा बाहेरून आले, टोपी काढली आणि म्हणाले, "या वर्षी तुमी तिघं बोटीवर येऊ नका."

गजाला वाटलं ते कशावरून तरी चिडलेत. "का? काय झालं?"

"लीग संपेपर्यंत येऊ नका. मी भायेरचे खलाशी बोलावलेत. तुमी खेला."

जोसेफच्या हातातली पताका तशीच राहिली. "नाखवा, मस्करी करता?"

आई विळी बाजूला सारून दारात आली. "आनि नवीन मानसं घेऊन दर्यावर कोन जानार? या वयात?"

"मी जानार. माजं आख्खं आयुष्य गेलं ऐकत, होड्या नसत्या तर आपून वर गेलो असतो. एकदा बघू तरी."

आई मागे वळली. आत जाऊन तिने गूळ पुन्हा चिरायला घेतला, पण विळीचा आवाज जरा जोरात येत होता. गजा माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं तो आनंदाने हसतोय.

गावातले बाकीचे नाखवा आधी बाबांना हसले. फुटबॉलसाठी कुणी घरचे खलाशी किनाऱ्यावर ठेवतं का? पण दोघांनी आपलीही पोरं सोडली, आणि नारळ दर्यात पडला तरी आमची टीम पूर्णच्या पूर्ण किनाऱ्यावर राहिली. असं गावात पहिल्यांदाच घडत होतं.

आणि आम्ही जिंकायला लागलो. अजून पाऊस होता. वाकोल्याजवळच्या एका मैदानावरची मॅच मला कालच्यासारखी आठवते. मैदान कसलं, भाताचं खाचर. लाथ मारली की बॉल जरा पुढे जायचा आणि डबक्यात बसकण मारायचा. समोरची पोरं चकचकीत बूट घालून आलेली, ती दोन पावलं पळायची आणि पसरायची. आमची पोरं लहानपणापासून खाडीच्या गाळात खेकडे धरत वाढलेली. त्या चिखलात ती चालायची, आणि चालत चालत गोल करायची. गजा तर गोलमध्ये इतका माखला होता की फक्त दात दिसायचे. फेरीबोट भरून गाव यायचं. कुणीतरी ताशा आणायचा. बायका डब्यांतून कोलंबीचं लोणचं आणि भाकऱ्या आणायच्या, आणि समोरच्या टीमच्या उपाशी पोरांनाही द्यायच्या, कारण जिंकणाऱ्याला दिलदार व्हायला काय लागतं? मी इतकी ओरडायचे की सोमवारी दवाखान्यात, जिथे मी पेशंटना नावं घेऊन आत बोलावते, तिथे माझा आवाज फुटायचा नाही. डॉक्टर विचारायचे, "काय, जिंकलात वाटतं?" या प्रश्नाची मला सवय नव्हती. मी नुसतीच जोरजोरात मान हलवायचे.

बाबा मात्र यातलं काही बघत नव्हते. ते दर्यावर होते. नव्या खलाशांना आमच्या खाडीचं तोंड माहीत नव्हतं, दोर कधी धरायचा आणि कधी सोडायचा ते ओरडून सांगावं लागे. एका उधाणात जाळं ओढताना एकाने दोर आधी सोडला आणि बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं दोरात सापडली. आम्हाला तर त्यांनी सांगितलंही नाही. मी त्या रविवारी गेले तेव्हा ते हाताला फडकं गुंडाळून बसले होते. मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "किती?"

"दोन-शून्य. जिंकलो."

"गजाने एक पन खाल्ला नाय?"

"एकपण नाही."

त्यांनी मान डोलावली. चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. बाबा लहान असताना कसे दिसत असतील ते मला त्या क्षणी दिसलं. आई आतून म्हणाली, "त्या बॉलपायी बोटं गेली, ती बघ आधी." ती बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत.

दसरा झाला. पाऊस गेला. खाडीवरून सकाळी धुरकट, कोरडा वारा येऊ लागला आणि मैदानं वाळली. त्यानंतरची पहिली मॅच ड्रॉ झाली. त्यात काही विशेष वाटलं नाही. पुढची हरलो, पण रेफ्रीने एक पेनल्टी दिली ती चुकीची होती असं सगळ्यांचं मत पडलं. त्याच्या पुढची हरलो, तेव्हा जोसेफला ताप होता. पण पावसातले पॉइंट्स इतके होते की शेवटच्या मॅचला नुसता ड्रॉ झाला असता तरी आम्ही वर गेलो असतो. दिवाळी होऊन गेली होती. दारात अजून विझलेल्या पणत्या होत्या. बाबा म्हणाले, "ही मी बघायला येनार."

त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. फेरीबोटीतून मार्व्याला, तिथून टेम्पोने मैदानावर. गाव आधीच येऊन बसलं होतं, ताशा होता, पताका होत्या. मैदान पापडासारखं कडक झालं होतं, पाय आपटला की तांबडी धूळ उडायची. समोरची टीम मुलुंडकडची, सडपातळ पोरं, कॉलेजातली. त्यांना माज नव्हता, आरडाओरडा नव्हता. शिट्टी झाली आणि ती पळायला लागली.

बॉल जमिनीवरून असा सुटत होता की आमची पोरं वळेपर्यंत तो त्यांच्या मागे गेलेला असायचा. मोरेश्वर धिप्पाड गडी, पावसात त्याला कुणी हलवू शकलं नव्हतं. आता तो एका पोरामागे धावत होता आणि ते पोर दर वेळी त्याच्यापासून हातभर पुढेच. पहिला गोल झाला.

"वारा होता," बाबा म्हणाले.

दुसरा झाला. "गजाच्या डोल्यावर ऊन आलं." मी म्हटलं, हो.

तिसरा झाला तेव्हा बाबांनी टोपी काढून हातात धरली. ताशावाला ताशा मांडीवर घेऊन बसला होता.

हाफटाइमला पोरं कडेला येऊन पाणी पिऊ लागली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बाबांनी माझ्याकडे न वळता विचारलं, "दरवर्षी अशीच खेलतात? होड्या गेल्यावर?"

"दरवर्षी ही तिघं कुठे असतात, बाबा?"

"आज हायेत."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाबांनी जन्मभर आपली टीम फक्त पावसात पाहिली होती. तरुणपणी खेळले तेही पावसातच, कारण पौर्णिमेनंतर ते दर्यावर. भांगाच्या रविवारीही ते किनाऱ्यावर जाळी शिवत बसायचे, म्हणून कोरड्या मैदानावरची एकही मॅच त्यांनी पाहिलेली नव्हती. मी पाहिल्या होत्या, वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या, पण मी त्या होड्यांच्या नावावर टाकून विसरून गेले होते. आज होड्यांचं नाव घ्यायची सोय नव्हती. ती सोय त्यांनीच, स्वतःच्या हाताने, काढून टाकली होती.

दुसरा हाफ त्यांनी शांतपणे बघितला. पाण्याचा रंग बघताना ते जसे डोळे बारीक करतात तसे केले होते. आमच्या पोरांनी जीव तोडला, हे मला सांगितलंच पाहिजे. जोसेफचा गुडघा फुटला, मोरेश्वरला पेटके आले, गजा इकडून तिकडे उड्या मारून थकला. कुणी कुचराई केली असती तर बरं झालं असतं. शिट्टी झाली तेव्हा मुलुंडची पोरं आमच्या पोरांना हात देऊन उठवत होती. ती बरी पोरं होती. ती आमच्यापेक्षा चांगली खेळत होती, एवढंच.

गजा ग्लव्ह्ज काढत आमच्याकडे आला. डोळे लाल. "बाबा, पुढच्या वर्षी..."

"परवा उधान हाय," बाबा म्हणाले. "बोटीवर ये."

रागावले असते तर त्याला झेपलं असतं. त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. मग ते उठले, सदऱ्यावरची धूळ झटकली आणि जोसेफच्या गुडघ्याला काय लागलंय ते बघायला गेले.

परतीच्या फेरीबोटीत ते पुढे बसले होते. गजा आणि मी मागे, इंजिनाच्या आवाजात. गजा म्हणाला, "ताई, चिखल होता म्हणून जिंकत होतो आपण. चिखलात कुणालाच पळता येत नाही. सुकलं की त्यांना येतं, आपल्याला नाही."

"हे तुला आज कळलं?"

"छे. दोनतीन वर्षांतच कळलं होतं. जोसेफला पण माहितेय."

"मग बोलला का नाहीस रे कधी? बाबांना तरी सांगायचं ना, पौर्णिमेच्या आधी."

त्याने ग्लव्ह्ज एकमेकांवर आपटून धूळ झटकली. "होड्यांमुळे हरतो, हे ऐकायला बरं वाटायचं गं. मला पण."

त्या मोसमाबद्दल गावात नंतर कुणी फारसं बोललं नाही. बोलण्यासारखं उरलं काय होतं? पुढच्या वर्षी होड्या गेल्या, टीम हरली, आणि मच्छी बाजारात कुणी सवयीने म्हणालं, "होड्या नसत्या तर..." आणि मध्येच थांबलं. ते वाक्य आता पुरं करता येत नव्हतं. मला त्या वेळी पहिल्यांदा समजलं की आम्ही इतकी वर्षं मैदानावर जात होतो ते जिंकायच्या आशेने नव्हे. त्या एका वाक्याच्या आधाराने जात होतो. हरलेल्या टीमला लोक सांभाळतात, पण वाईट टीमला सांभाळणं फार अवघड असतं. फेरीबोटीतली गर्दी हळूहळू कमी झाली. आधी ताशा यायचा थांबला, मग डबे, मग माणसं. पावसातल्या मॅचलाही लोक येईनासे झाले, कारण पावसातलं जिंकणं कशाच्या जोरावर आहे ते आता सगळ्यांना माहीत होतं.

आणि आता तर चिखलही राहिला नाही. लीगच्या बऱ्याच मॅच हल्ली टर्फवर होतात, हिरवा प्लास्टिकचा गालिचा, कितीही पाऊस पडला तरी पाणी खाली झिरपतं आणि बॉल सुळ्ळकन पळतो. मुलुंडची पोरं, घाटकोपरची पोरं तिथेच रोज सराव करतात. आमची पोरं बारा महिने हरतात. गजा आता फेरीबोटीवर कामाला आहे, गुडघे गेले, पण संध्याकाळी दोनचार जणांना गोलकीपिंग शिकवतो. त्यातली एक-दोन बरी आहेत. बरी झाली की त्यांना दुसरी टीम घेऊन जाते, आणि गजाच त्यांना सांगतो, जा. बाबांची होडी किनाऱ्यावर आहे, गेली काही वर्षं तिला कुणी रंग लावत नाही. आई गेली.

मी जाते. का जाते, याचं सासूबाईंना देता येईल असं उत्तर आता माझ्याकडे नाही, आणि विचारायला त्याही नाहीत. निष्ठा वगैरे मोठे शब्द मला लावून घ्यायची लाज वाटते. कधी कधी मॅच चालू असताना मी चक्क मोबाइल बघत असते. कधी तिसरा गोल झाला की घरी जाऊन काय शिजवायचं ते ठरवत बसते. टीम सुधारेल असं मला वाटत नाही. माझ्या हयातीत ती वर जाणार नाही, हे मला दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखं ठाऊक आहे. तरी रविवारी सकाळी पाय चपलेत जातात. सतीश विचारतो, "आज पण?" मी म्हणते, "आज पण." तो आता चिडवत नाही, छत्री हातात देतो.

परवाच्या रविवारी तशीच गेले. अंधेरीच्या एका टर्फवर मॅच होती. आमची नऊच पोरं आली होती. नऊ जणांनी खेळायला हरकत नसते, तशी ती खेळली. मोरेश्वरचा पुतण्या शेवटपर्यंत पळत होता, कुणीही बॉल देत नसताना पळत होता. पाच गोल खाल्ले. मॅच संपल्यावर मी मार्व्याहून खाडी ओलांडून माहेरी गेले. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. हल्ली ते जेट्टीपर्यंतही जात नाहीत. मी चहा ठेवला, त्यांना बशीत ओतून दिला, कारण वाकड्या बोटांत कप नीट बसत नाही. स्कोअर त्यांनी विचारला नाही. गेली कित्येक वर्षं विचारत नाहीत. बशी खाली ठेवून म्हणाले, "बघायला कोन कोन आयलं होतं?"

"मी होते."

"आनि?"

मी मैदानाची ती बाजू आठवली. प्लास्टिकच्या पायऱ्या, त्यांच्यावर साचलेलं पावसाचं पाणी, तारेच्या जाळीला टांगलेल्या पोरांच्या बॅगा.

"मी होते, बाबा."